साखळीएवढी सावली

मे महिन्यात भुसावळला आतेभावाकडे लग्नघरी गेले होते. दुपारची पंगत उठली, आमरसाच्या वाट्यांचा ढीग मोरीत पडला आणि कूलरच्या झोतात ज्याला जिथे जागा मिळाली तिथे तो आडवा झाला. मला दुपारी झोप येत नाही. वहिनी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया उलटायला निघाल्या, त्यांच्यामागोमाग मीही जिना चढले. दार उघडलं तशी तोंडावर झळ आली. पहिली दोन पावलं डोळे मिटूनच टाकली. गच्चीच्या कोपऱ्यात पत्र्याचं छोटं शेड आहे, त्याच्याखाली त्यांचा रॉकी होता. सोनेरी रंगाचा, चांगला भरलेला लॅब्राडोर. पाहुण्यारावळ्यांच्या गर्दीत पायात येईल, लहान मुलं घाबरतील म्हणून सकाळीच त्याला वर आणून खांबाला बांधलं होतं. समोर स्टीलचं मोठं पातेलं, काठोकाठ पाणी. आणि रॉकी त्या पातेल्याकडे पाठ करून पडलेला. पोट भराभर वरखाली होतंय, जीभ नेहमीपेक्षा कितीतरी लांब बाहेर आलेली, टोकाशी रुंद होऊन वर वळलेली. "हा पाणी पीत नाही का?" मी विचारलं. "सकाळपासून भरून ठेवलंय ताई, पण तोंडच लावत नाहीये बघा," वहिनी म्हणाल्या. मी पातेल्यात बोटं घातली. आंघोळीला घ्यायचं म्हटलं असतं तर विसण घालावं लागलं असतं, इतकं ते पाणी तापलेलं होतं.

त्या घराचा रॉकीवर जीव आहे, हे सांगायलाच हवं. त्याच्यासाठी वेगळा कुकर लागतो, त्याची लस चुकत नाही, दादा रोज रात्री त्याच्याशी गप्पा मारत बसतो. पाणी किती तापलंय हे कळलं त्या क्षणी वहिनींनी कुरडया टाकल्या आणि साखळी सोडली. आम्ही त्याला खाली आणलं, मागच्या मोरीत शहाबादी फरशीवर दोन बादल्या पाणी ओतलं, अंगावर ओतलं, आणि तो त्या ओल्या फरशीला पोट चिकटवून असा पसरला की संध्याकाळपर्यंत उठायचं नाव नाही. माठातलं पाणी परातीत दिलं ते थांबून थांबून प्याला. संध्याकाळी वरातीत फटाके वाजले तेव्हा नेहमीसारखा भुंकलाही.

काही झालं नाही. तरी ते पातेलं माझ्या डोक्यातून जात नाही.

जात नाही याचं कारण असं, की आम्ही खानदेशातली माणसं. ऊन म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायला नको. होळी झाली की इथलं घड्याळच बदलतं. शेतावरची कामं उजाडायच्या आत सुरू होऊन दहाच्या ठोक्याला संपतात, बाजारपेठेत दुपारी शटर अर्धं खाली येतं, आणि बाराच्या पुढे रस्त्यावर जो दिसतो त्याचं कुणीतरी वारलं असणार किंवा कोर्टात तारीख असणार असं आपण धरूनच चालतो. डोक्याला उपरणं, खिशात कांदा, पिशवीत पन्ह्याची बाटली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोके घेतात तेही सकाळी नाहीतर दिवस कलल्यावर. २०२४ च्या मे महिन्यात तर जळगाव जिल्ह्यात उन्हापायी कलम १४४ लावायची वेळ आली होती. आणि माणसांचंच कशाला? केळीच्या बागेला पश्चिमेकडून झळ लागू नये म्हणून आपण बांधावर शेवरी लावतो, गजराज गवत लावतो, आता हिरव्या नेटा बांधतो. पारा ठरावीक अंशाच्या वर सलग काही दिवस राहिला तर फळपीक विम्यात केळीला भरपाई मिळते. म्हणजे केळीलाही ऊन लागतं हे सरकारदरबारी मान्य आहे. गाय-बैल अकराच्या आत गोठ्यात येतात. या सगळ्या बंदोबस्तात कुत्रा कुठे बसतो, हे मी त्या दिवसापासून शोधते आहे. तो बसत नाही. त्याचं तो बघून घेईल, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललो.

आणि गंमत अशी, की पूर्वी ते खरंही होतं. माझं आजोळ यावल तालुक्यातलं. धाब्याचं घर, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर. दारात एक कुत्रं असायचं, त्याला नाव नव्हतं, 'आपलं कुत्रं' एवढंच. त्याच्याकडे कुणी लक्ष देत नसे, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा पोरांना दुसरं काम नसल्यामुळे मी त्याच्याकडे तासन्‌तास बघत बसे. सकाळी ते ओट्याच्या पायरीशी असायचं. ऊन पायरीला शिवलं की उठून बैलगाडीखाली जायचं. अकरा-साडेअकराला मोरीच्या मागे, जिथे रांजणाचं सांडपाणी जिरायचं, तिथली माती पुढच्या पायांनी उकरायचं. वरची तापलेली माती बाजूला, खालची काळी ओली माती वर. आणि त्या खड्ड्यात बरोबर पोट बसवून, हनुवटी काठावर टेकवून ते पडायचं. ओल्या मातीचा एक थर पोटाच्या केसांना कायम चिकटलेला असे. दुपार चढली की घरामागच्या बागेत केळीच्या चारीत जाऊन बसायचं, वाहत्या पाण्यात, चारही पाय बुडवून. तिथे केळीची पानं उन्हानं मधोमध मिटून दोन्ही बाजूंना खाली उतरलेली, हिरवा काळोख आणि चिखलाचा वास. आजोबा बारं द्यायला आले की त्याला पायानं बाजूला सारायचे, ते उठून पुढच्या चारीत बसायचं. एका दिवसात ते इतक्या वेळा जागा बदलायचं, आणि प्रत्येक जागा त्या त्या वेळेची सगळ्यात थंड जागा असायची. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याला कुणी बांधलंही नव्हतं.

ती चारी आता नाही. जळगाव जिल्ह्यातल्या केळीखाली आता ठिबक आहे, आणि ते योग्यच आहे. तापीकाठालाही पाणी उपसून उपसून भूजल किती खोल गेलं हे शेतकऱ्याला विचारा. पण ठिबकाखाली ओल राहते ती झाडाच्या बुंध्याशी, तळहाताएवढी. कुत्र्याला बसायला पुरेल अशी नाही. मामा तक्रार करतो, की उन्हाळ्यात कुत्री नळ्या चावतात. तहानेनंच चावत असणार. धाबंही गेलं, स्लॅब आला. आणि स्लॅब दिवसभर पिऊन ठेवलेली धग रात्री दोन वाजेपर्यंत ओकत राहतो. मोरीच्या मागे काँक्रीट झालं, अंगणात पेव्हर ब्लॉक बसले. उकरायला माती राहिली नाही. आम्ही आमच्यासाठी एसी-कूलर घेतले आणि कुत्र्याच्या दिवसभराच्या त्या सगळ्या जागा एकेक करून बुजवून टाकल्या. वर त्याच्या गळ्यात पट्टा घातला. रॉकीची साखळी जेमतेम चार-पाच फुटांची असेल. त्या चार-पाच फुटांत जेवढी सावली पडेल तेवढीच त्याची, आणि ती तापलेल्या पत्र्याची.

कुत्र्याला घाम येत नाही म्हणतात. पायांच्या तळव्यांना थोडा येतो, पण एवढ्यानं त्याचं काही भागत नाही. त्याचं अंगच मुळात आपल्यापेक्षा गरम, ३८ ते ३९ अंश सेल्सियस. बाहेर हवा ३० अंश असेल तर अंगातली उष्णता आपसूक हवेत जाते. पण भुसावळला पारा ४५ च्या वर गेला, की हवाच त्याच्या अंगापेक्षा गरम होते. मग वारा लागला तरी तो उष्णता नेत नाही, आणून देतो. अशा वेळी त्याच्याकडे एकच उपाय उरतो तो जिभेचा. जीभ, तोंडाच्या आतली ओल, नाकातल्या घड्या, यांच्यावरून तो भराभर हवा फिरवतो, ओलावा उडतो आणि उडताना उष्णता घेऊन जातो. शांत पडलेला कुत्रा मिनिटाला दहा ते तीस श्वास घेतो. उन्हानं धापा टाकायला लागला की तीनशेच्या पुढे जातो. आपल्या खिडकीतला कूलर अगदी हेच करतो. गवत ओलं, त्यातून पंखा हवा ओढतो, पाणी उडतं, खोली गार होते. खानदेशात कूलर इतका छान चालतो तो हवा कोरडी असते म्हणून. आणि कूलर कधी चालेनासा होतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे: खिडक्या-दारं बंद करून तसाच चालू ठेवला तर, टाकीतलं पाणी संपलं तर, आणि मृगाच्या तोंडावर आभाळ भरून आलं की. त्या दिवसांत आपण म्हणतो, कूलर लावून उपयोग नाही, नुसती चिकचिक होते. कुत्र्याची जीभही नेमक्या याच तिन्ही वेळी हरते. बंद खोलीत, पाणी न मिळाल्यावर, आणि जूनमध्ये पारा ३८-३९ पर्यंत उतरला, आता वाचलो असं आपल्याला वाटतं, तेव्हा.

म्हणून लग्नाला जाताना कुत्र्याला खोलीत कोंडून, कूलर चालू ठेवून, दार लावून जाणारी मंडळी भेटली की मी थांबवते. वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण हवा बाहेर जायला वाट नसली की खोली तासाभरात दमट होते, आणि मे महिन्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा कुणी द्यावा? समोरच्या भिंतीची खिडकी उघडी हवी. त्यापेक्षा तळमजल्यावरची न्हाणीघराची फरशी बरी, दार उघडं ठेवून. पाण्यासाठी स्टील नकोच. कुंभाराकडून पसरट मातीचं भांडं आणावं, माठ पाझरतो तसं तेही पाझरतं आणि आतलं पाणी गार राहतं. दोन जागी ठेवावं, एक सांडलं तर दुसरं असतं. आणि सावली सरकते हे लक्षात ठेवून ठेवावं. सकाळी नऊला जिथे गडद सावली होती तिथे दीडला ऊन असतं, हे रॉकीच्या पातेल्यानं मला नीट दाखवलं.

साक्री-पिंपळनेरच्या बाजूला मेंढरं घेऊन फिरणारे ठेलारी आहेत. एकदा उन्हाळ्यात त्या रस्त्यानं जाताना पांझरेच्या काठी बाभळीखाली त्यांचा तळ पडलेला बघितला आणि गाडी थांबवली. भर दुपार. मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून चिकटून उभी, एकही चरत नव्हतं. घोडा मान खाली घालून. आणि दोन कुत्री, दांडगी, कानाला जुन्या जखमांचे व्रण, वाळूत उकरून त्यात पडलेली. रात्री लांडग्याशी गाठ पडली तर मागे न हटणारी ती जनावरं मी दहा पावलांवर येऊनही उठली नाहीत, नुसता एक डोळा उघडला. म्हाताऱ्या मेंढपाळाला मी म्हटलं, बाबा, ही तर भुंकलीसुद्धा नाहीत. तो हसला. "दुपारले हाक मारी तरी येत नही तो," तो म्हणाला, "आनि आम्हीबी मारत नही." त्यांचं सगळं चालणं पहाटे आणि तिन्हीसांजेला. कुत्र्यासाठी वेगळा नियम केलेला नाही. जो मेंढरांचा नियम, माणसांचा नियम, तोच त्याचा. मला त्या म्हाताऱ्याचं ते 'आम्हीबी मारत नही' फार आवडलं.

आपण मात्र हाक मारतो. आणि कुत्रा येतो, हीच पंचाईत आहे. पाळलेलं कुत्रं धन्यानं चेंडू टाकला की धावतं, दमलं तरी धावतं. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदींचा एक अभ्यास २०२० साली आला, त्यात कुत्र्यांच्या उष्माघाताच्या चारपैकी जवळजवळ तीन घटनांचं कारण उन्हातलं धावणं-फिरणं हे निघालं. बंद गाडीत अडकलेली कुत्री त्या मानानं थोडी होती. तेही ब्रिटनच्या उन्हात! आमच्या कॉलनीत संध्याकाळी सहाला, ऊन उतरलं म्हणून, मुलं कुत्र्यांना घेऊन निघतात. ऊन उतरलेलं असतं, डांबर उतरलेलं नसतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून सात सेकंद ठेवता आली नाही तर त्या रस्त्यावर कुत्र्यानं चालायचं नाही, एवढी साधी परीक्षा आहे. मे महिन्यात जळगावच्या रस्त्यावर ती परीक्षा संध्याकाळी साडेसातलाही बऱ्याचदा नापास होते. पायांचे तळवे भाजतात हा एक भाग. पण कुत्र्याचं पोट रस्त्यापासून वीतभर वर, रस्त्याची सगळी धग त्याच पोटाला. पहाटे पाचला न्यावं. नाही जमलं तर त्या दिवशी नेऊच नये, अंगणात फिरवावं. एक दिवस नाही फिरला तर त्याचं काही बिघडत नाही.

पारोळ्याच्या अलीकडे हायवेला एक रसवंती आहे, निंबाच्या झाडाखाली. तिथे मी रस पीत होते तेव्हा एक गाडी येऊन थांबली. विशीतला मुलगा खाली उतरला आणि त्यानं मागची डिक्की उघडली. आत जर्मन शेफर्ड. पुढे एसी चालू होता, मागच्या काचेतून मात्र सबंध रस्ता ऊन आत आलेलं. कुत्रा उतरला तो दारू प्यायलेल्या माणसासारखा, मागचे पाय एकीकडे, पुढचे एकीकडे, आणि चार पावलांवर कोसळला. तोंडातून लाळ, पण पातळ नाही, चिकट, तारेसारखी लोंबणारी. हिरड्या गडद लाल, विटेच्या रंगाच्या. डोळे उघडे होते, पण बघत नव्हते. लोक धावले आणि जो तो आपल्याला माहीत असलेलं सांगू लागला. एकानं कांदा फोडून त्याचा रस पाजायला सांगितलं. आपल्याकडे हेच पहिलं सुचणार, त्या माणसाची चूक नाही. पण कांदा कुत्र्याला विष आहे; पोटात गेला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. दुसऱ्यानं खिशातून तापाची गोळी काढली. हा ताप नव्हे, म्हणून तिचा उपयोग शून्य, आणि माणसाची ती गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. तो मुलगा बिचारा बाटली त्याच्या तोंडात रिकामी करायला बघत होता. तेवढ्यात शेजारच्या शेतातून आलेले एक आबा ओरडले, "तोंडमा नको वतू भाऊ, आंगवर वत!"

शुद्ध हरपत चाललेल्या जनावराच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जातं. आबांना हे कुणी सांगितलं असेल कोण जाणे, बहुधा बैलांवरून माहीत असावं. रसवंतीवाल्यानं बर्फाच्या लादीखालचं पाणी बादलीभर आणून कुत्र्याच्या पोटावर, मांड्यांवर, मानेवर ओतलं. मी नळाची नळी घेतली. आधी तिच्यातलं उकळतं पाणी बाहेर सोडून दिलं, मग लावली, कारण उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी चटके देतं. कुणीतरी टेबलफॅन ओढून आणला. पाणी आणि वारा, पाणी आणि वारा. बर्फाच्या पाण्यानं झटका बसतो असं म्हणत एकजण अडवत होता. पूर्वी तसंच सांगितलं जायचं. आता पशुवैद्यक म्हणतात, जनावर तरुण, धडधाकट असेल तर गार पाणी वापरा, वेळ घालवू नका. म्हातारं किंवा आजारी असेल तर साधं पाणी आणि भरपूर वारा. ओलं फडकं मात्र अंगावर पांघरून ठेवायचं नाही, ते लगेच तापतं आणि आतली वाफ कोंडून धरतं. आणि पहिल्यांदा जागेवर थंड करायचं, मग दवाखान्याकडे पळायचं. आपण सगळे उलट करतो. तापलेलं जनावर तसंच तापलेल्या गाडीत घालून निघतो.

बऱ्याच वेळानं त्यानं मान उचलली. मुलाला रडू फुटलं. थोड्या वेळानं कुत्रा उभाही राहिला, शेपटी हलली, आणि सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मी त्याला म्हटलं, आता सरळ डॉक्टरकडे ने. हो म्हणाला. पुढे कधीतरी त्याच रसवंतीवर थांबले तेव्हा मालकानं सांगितलं, त्या मुलाचा फोन आला होता. बरा दिसतोय म्हणून त्यानं कुत्र्याला घरीच नेलं. दुसऱ्या दिवशी रक्ताचे जुलाब, तिसऱ्या दिवशी गेला.

त्यावर मी बराच वेळ काही बोलले नाही. अंगाचं तापमान ४१ च्या वर गेलं की आतली नासधूस सुरू होते. आतड्याचं अस्तर सुटतं, मूत्रपिंडं, यकृत, मेंदू, रक्त गोठण्याची क्रिया, एकेक करून बिघडतात, आणि हे सगळं वरून दिसायला एक-दोन दिवस लागतात. कुत्रा उभा राहिला म्हणजे बरा झाला असं नाही. सलाईन, रक्ताच्या तपासण्या, दोन-तीन दिवसांची देखरेख लागते. हे त्या मुलाला त्या दुपारी ठणकावून सांगायला कुणी नव्हतं, आणि त्याच्यावर राग धरावा असंही मला वाटत नाही. त्याच्या कुत्र्यानं शेपटी हलवली होती. तो घरी घेऊन गेला.

जळगावात, धुळ्यात आता हस्कीसुद्धा दिसतात. बर्फात गाडी ओढणारी जात, दुहेरी केसांची. कुणी म्हणतं, उन्हाळ्यात त्याचे केस भादरून टाका. ते करू नये. वरचे केस ऊन अडवतातही. आतले मऊ सुटे केस विंचरून काढावेत, बस. पग तर एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर घरोघरी आला. त्याचं नाक इतकं आत दाबलेलं, की जिभेवरून, नाकातून हवा फिरवायलाच जागा नाही. थंडीतही घोरतो तो. आमच्या मे महिन्यात तो काय करत असेल? ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्याला जपावंच, जास्त जपावं. पण नव्यानं कुत्रं आणायचं असेल तर माझं स्पष्ट मत आहे, की खानदेशातल्या माणसानं गल्लीतलं गावठी पिल्लू आणावं. सडसडीत अंग, आखूड केस, लांब नाक, आणि कुठली माती उकरायची याची उपजत अक्कल. त्यालाही ऊन लागतं, पण निदान ते या मुलखासाठी घडलेलं आहे.

भुसावळहून दादाचा फोन आला होता. रॉकी आता खाली मागच्या बोळात असतो. दोन्ही घरांच्या भिंतींमध्ये तिथे दिवसभर ऊन येत नाही. बोळाच्या दोन्ही टोकांना जाळी लावली, म्हणून साखळी लागत नाही. दादानं अर्ध्या बोळातले पेव्हर ब्लॉक काढून वाळू टाकली आहे आणि सकाळ-दुपार ती भिजवतो. "सगळं उकरून ठेवतो गं, चिखल घरात आणतो," वहिनी मागून ओरडत होत्या, पण त्या आवाजात तक्रार कमी होती. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. बांधून ठेवलेल्या जनावराला पुरेसं पाणी आणि निवारा न देणं हा त्यात गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांच्या धाकानं कुणी बोळातले ब्लॉक काढत नसतं. दादानं ते का काढले हे तो बोलला नाही आणि मी विचारलंही नाही. त्यानं एवढंच विचारलं, पाऊस पडला की सुटलो ना? मी म्हटलं, नाही. पहिले दोन-तीन वळवाचे पाऊस होऊन ऊन पडतं ना, ते दिवस जास्त जपायचे.

पट्टा नसलेल्यांचं काय, हा प्रश्न आमच्या गल्लीत वेगळ्याच वाटेनं आला. काहीजणांनी मिळून सिमेंटचं एक बुटकं कुंड आणलं, कुत्र्या-मांजरांना पाणी पिता यावं म्हणून, आणि कोपऱ्यावर ठेवलं. शेजारचे काका चिडले. त्यांच्या नातीला गेल्या वर्षी कुत्रं चावलं होतं, पाच इंजेक्शनं घ्यावी लागली. तिची क्लासला जायची वाट त्याच कोपऱ्यावरून. शिवाय साचलेल्या पाण्यात डास होतात, डेंगीचं काय? त्यांचं एकही म्हणणं खोटं नव्हतं. अमेरिकेतल्या आठ शहरांतल्या नोंदी तपासल्या तेव्हा उष्ण दिवसांत कुत्री चावण्याचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं, हे मी त्यांना सांगितलं. तहानेनं, उन्हानं तगमगलेलं जनावर जवळ असण्यापेक्षा पाणी पिऊन सावलीत निजलेलं बरं, असंही म्हटलं. ते मान हलवत राहिले, पण पटल्यासारखी नाही. नसबंदी आणि लस यांच्यासाठी नगरसेवकाकडे अर्ज द्यायचा, यावर मात्र आमचं दोघांचं एकमत झालं आणि अर्जावर पहिली सही त्यांनीच केली. कुंड रोज सकाळी उपडं करून नारळाच्या काथ्यानं घासायचं, म्हणजे डासांची अंडी राहणार नाहीत, अशा पाळ्या लागल्या आहेत. जागाही बदलली, काकांच्या सांगण्यावरून. आता ते मागच्या मोकळ्या प्लॉटमधल्या निंबाखाली आहे, मुलांच्या वाटेपासून लांब. तिथे सकाळी दहापासून थेट संध्याकाळपर्यंत ऊन येत नाही आणि जमीनही कच्ची आहे, त्यामुळे जागा आधीपेक्षा चांगली निघाली.